एकतीस एप्रिल

महिन्याच्या पाच तारखेला माझ्या टेबलावर
बावीस माणसांचा एप्रिल येऊन पडतो.
काहींचा घडी न मोडलेला,
काहींच्या कोपऱ्यावर कॉफीचं अर्धं वर्तुळ,
एन्डेलचा नेहमीसारखा ओलसर,
त्याला दलदलीचा वास.

मी शास्त्रज्ञ नाही.
मला मिथेन दिसत नाही, तसा तो कुणालाच दिसत नाही;
पण तो मोजायला किती तास लागले
ते मला दिसावं लागतं, अर्ध्या तासापर्यंत,
कारण पैसा लोकांचा आहे:
पोर्तोच्या कुठल्याशा ट्रामचालकाचा,
नार्वाच्या सूतगिरणीत कान गमावलेल्या माझ्या मावशीचा.

रकाने साधे आहेत.
काम दोन, नमुने गोळा करणे. काम तीन, विश्लेषण.
काम चार, लोकांपर्यंत पोचवणे;
म्हणजे शाळेतली मुलं येतात आणि एकेक बूट हरवून जातात.
शनिवार-रविवार राखाडी.
राखाडीत काही लिहायचं नसतं.
शेवाळ मात्र रविवारीही श्वास सोडतं,
आणि एन्डेल तो सोमवारी नोंदवतो.
मला ठाऊक आहे.
मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक आहे.
सोमवारचे साडेसात. कधीच आठ नाहीत.

कारेल, त्याचा प्रमुख, सही करतो ती जिन्यात,
कागद भिंतीला टेकवून,
त्यामुळे त्याच्या आडनावाचा शेवट
प्लास्टरच्या खड्ड्यांतून धडपडत जातो.
तारीख मी सांगेन तेव्हा टाकतो.
महिना संपण्याआधीची चालत नाही.
न झालेल्या दिवसाची साक्ष
कुणी द्यायची नसते.

आणि या वेळी
एन्डेलच्या तक्त्यात, तीसच्या खाली,
पट्टीने आखलेली एक जादा ओळ:
एकतीस एप्रिल. काम दोन. साडेसात तास.
तळाशी दोघांच्या सह्या.

मी कॅलेंडर पाहिलं. हो, पाहिलं.
एकोणीस वर्षं या खुर्चीत बसलेल्या बाईने
एप्रिलचे दिवस बोटांच्या पेरांवर मोजले.

मग फोन.
"काय केलंस त्या दिवशी?"
पलीकडे वारा, फळ्यांच्या वाटेवर बुटांचा आवाज,
वहीची पानं.
"सात नंबरची पेटी बुडाली होती, ती काढली.
पाणी चार सेंटिमीटर वर.
क्रौंच आले. दोनच."
"एन्डेल, असा दिवस नव्हता."
"होता की," तो म्हणाला. "थोडा बर्फही पडला."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं.
एक मे. सुट्टी. राखाडी.

व्हाइके तपासणीला येते दोन वर्षांतून एकदा,
चष्मा कपाळावर, हातात टोक काढलेली पेन्सिल.
कुठे पाणी मुरतंय हे तिला वासावरून कळतं.
तिला कसं सांगू, बाई,
या प्रकल्पात दुसरं काही होतच नाही,
आठ हजार वर्षं पाणीच मुरतंय,
आणि वर्षाला एक मिलिमीटर
त्याची नोंद.

आलेखावर त्या दिवसाचा ठिपका आहे.
मी पाहून आले, तिसऱ्या मजल्यावर, पडद्यावर,
बाकीच्या ठिपक्यांहून जरा वर.
त्याचे तास कुणाकडेच नाहीत.

चूक खोडायचा नियम असा:
पांढरी शाई नाही, ब्लेड नाही,
एकच आडवी रेघ, शेजारी आद्याक्षरं,
खालचं वाचता आलं पाहिजे.
मी पट्टी घेतली. त्याचीच असावी, कडेला चिखल होता.
रेघ मारली, हलकी.
खालचं वाचता येतं.

आता पुन्हा कारेलला गाठायचंय,
जिन्यात,
आणि एन्डेलला सांगायचंय की साडेसात तास कापले गेले;
तो "बरं" म्हणेल,
आणि विचारेल,
फेब्रुवारीत
काही जागा शिल्लक आहे का.